आत्याबाईंच्या पाठीत लाथ

मी पायाळू आहे. जन्मताना माझं डोकं आधी आलं नाही, पाय आधी आले. यात माझं कर्तृत्व शून्य. जो काही त्रास झाला तो आईला झाला. नाव मात्र माझं झालं. आमच्या हिंगोलीकडे अशी पक्की समजूत आहे की कुणाच्या पाठीत उसण भरली, कंबर धरली, तर पायाळू माणसाने पाठीला तीनदा लाथ मारायची, दुखणं उतरतं. त्यामुळे मला धड चालता यायला लागलं तेव्हापासून मी लोकांच्या पाठीत लाथा मारत आले आहे. बाकीच्या लेकरांचा पाय मोठ्या माणसाला चुकून लागला तरी धपाटा बसायचा. मला लाथ मारल्याबद्दल गूळ-खोबरं मिळायचं. माझ्या स्वभावात आगाऊपणा आहे असं लोक म्हणतात, त्याची सुरुवात तिथे झाली असावी.

पायाळू असण्याचे तोटेही होते. पायाळूवर वीज पडते म्हणे, म्हणून आभाळ नुसतं गुरगुरलं की आई मला आत कोंडून बाहेरून कडी लावायची. पायाळूला जमिनीतलं धन दिसतं म्हणून एका लांबच्या काकांनी मला अख्खी दुपार त्यांच्या शेतात फिरवलं. धन काही दिसलं नाही. एक विंचू दिसला, पण तो काकांना डसल्यावर.

पुढे मी बीएस्सी झाले, बीएड झाले आणि सेनगावजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले. विषय विज्ञान. आता सोमवार ते शनिवार मुलांना अंधश्रद्धा कशी वाईट ते शिकवायचं आणि रविवारी सकाळी दारात उभ्या असलेल्या लोकांच्या पाठीत लाथा मारायच्या, हे काही बरं दिसत नव्हतं. पण नाही तरी कुणाकुणाला म्हणणार? एकदा शाळेची तपासणी करायला आलेले साहेब माझ्या वहीतल्या पाठ-टाचणात अर्धा तास चुका काढत बसले, आणि उठताना "आई गं" म्हणून तसेच वाकडे राहिले. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बघितलं. स्टाफरूमचं दार लावलं गेलं. वरिष्ठांना लाथ मारण्याची अशी अधिकृत संधी सगळ्या जिल्ह्यात फक्त मला मिळाली असेल. मी ती मन लावून पार पाडली.

माझं लग्न जमलं तेही या पायांमुळेच. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. तर आत्याबाई मला बघायला आल्या, तेव्हा त्यांनी ना स्वयंपाकाचं विचारलं ना नोकरीचं. त्यांनी आईला एवढंच विचारलं, "पोरगी खरंच पायाळू हाय, का नुसतं म्हणायचं म्हणून?" आईने खरंच आहे म्हणून सांगितलं आणि सुईणीची साक्ष काढली. आत्याबाई म्हणाल्या, "मंग झालं." लोक सुनेचा पायगुण बघतात, आमच्या आत्याबाईंनी नुसता पाय बघितला.

त्यांचं तोंड फाटकं होतं. सासरे लवकर गेले, तेव्हापासून शेत आणि घर त्यांनी एकटीने ओढलं होतं, त्यामुळे सगळ्यांवर ओरडायचा हक्क त्यांना आपोआप मिळाला होता. माझ्या भाकरीला त्यांनी कधी चांगलं म्हटलं नाही. माझ्या पगाराला नाही, माझ्या डिग्रीला नाही, मला मुलगा झाला तेव्हा त्यालाही "बापावर गेला, बरं झालं" एवढंच म्हणाल्या. पण गल्लीत आणि नात्यागोत्यात माझ्या लाथेची जाहिरात त्यांनी इतकी केली की वसमतकडून, पार हट्ट्याहून माणसं यायला लागली. आलेल्या माणसाला पाटावर बसवायचं, तोंड दाराकडे, दोन्ही हातांनी चौकट धरायला लावायची, हे सगळं त्याच करायच्या. नियम सांगायच्याही त्याच. मागं वळून बघायचं न्हाई. दुखलं तरी आवाज काढायचा न्हाई. तीन दिस कुणी 'बरं हाय का' म्हणून विचारायचं न्हाई. चौथ्या दिवशी आपण होऊन सांगायचं. आणि चौथ्या दिवशी बहुतेक लोक बरे झालेले असायचे, कारण साधी उसण चार दिवसांत आपली आपण जातेच. हे मला विज्ञानाची शिक्षिका म्हणून ठाऊक होतं. पायाळू म्हणून मी गप्प बसायची.

दोन वर्षांपूर्वी, हळद निघायच्या दिवसांत, आत्याबाईंची स्वतःची पाठ धरली. त्यात कुणाला काही वेगळं वाटलं नाही. हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, म्हणजे दिवसभर वाकणं आलंच. त्या दिवसांत आमच्या गल्लीत सरळ चालणारं माणूस दिसलं तर लोक विचारतात, तुमची हळद न्हाई का यंदा. मी लाथेचं नाव काढलं नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि या अकरा वर्षांत सासूच्या पाठीत लाथ मारायचा विचार माझ्या मनात कधी आलाच नाही असं मी म्हणणार नाही, पण तो प्रत्यक्षात आणायची हिंमत नव्हती. शेवटी त्याच म्हणाल्या, "गावाला मारती अन् घरच्याला न्हाई व्हय?"

होळीच्या आधल्या रविवारी सकाळी आमच्या दारात सगळी गल्ली जमली. एवढी गर्दी आमच्या लग्नालाही नव्हती. आत्याबाई पाटावर बसल्या, चौकट धरली. मी आधी त्यांच्या पाया पडले. मग त्यांच्या पाठीला पाय लावला. शेजारच्या काकू, ज्यांचं आणि आत्याबाईंचं तीस वर्षांपासून एका उकिरड्यावरून भांडण आहे, मागून म्हणाल्या, "मार की गं जोरानं, असा मोका पुन्हा न्हाई यायचा!" सगळ्या बाया हसल्या. सासूच्या पाठीत मारायला पायाला कसला जोर येणार? तीनदा नुसता पाय टेकवला आणि बाजूला झाले.

चौथ्या दिवशी आत्याबाई ओट्यावर उभ्या राहून मोठ्याने म्हणाल्या, "माझी पाठ मोकळी झाली बया! बराबर झाली!" काकूंच्या घराकडे तोंड करून म्हणाल्या, हे सांगायला नकोच. मला आतून एवढं बरं वाटलं की त्या दिवशी शाळेत मी एकाही मुलाला रागावले नाही.

त्यानंतर घरात बारीकसारीक गोष्टी घडायला लागल्या आणि मी प्रत्येकीचा चुकीचा अर्थ लावला. वयाच्या मानाने मला एवढी अक्कल असायला हवी होती.

पहिली गोष्ट, आत्याबाई वाकेनाशा झाल्या. खाली काही पडलं तर पाठ ताठ ठेवून गुडघ्यात बसायच्या, वस्तू उचलायच्या आणि मांडीवर हात टेकत उठायच्या. मला वाटलं, आता हिला कुणापुढे वाकायचंच नाही. दुसरी, भर उन्हाळ्यात, पंखा गरम वारा फेकत असताना, त्या संध्याकाळी गोधडी घेऊन बसायला लागल्या. "वारं बाधलं," म्हणायच्या. तिसरी, त्यांची अर्धी भाकरी रोज कुत्र्याला जायला लागली. आमचं कुत्रं त्या उन्हाळ्यात असं गुटगुटीत झालं की लोक त्याचं कौतुक करायचे. आत्याबाईंचं पोलकं मात्र खांद्यावरून उतरायला लागलं. मी म्हणाले, "आत्याबाई, वाळून राहिल्या तुमी." त्या म्हणाल्या, "उन्हाळ्यात पापड बी वाळतो. तू तुझं बघ."

आणि चौथी गोष्ट चपलांची. आत्याबाईंच्या चपला हरवायला लागल्या. मळ्यात जाताना दोन असायच्या, येताना एकच. कधी एकही नाही. त्यांना विचारलं तर म्हणायच्या, पायातच होती, कुठं गेली कळलंच न्हाई. मग त्यांनी ठरवलं की काकू चोरतात. काकूंच्या दारात जाऊन भांडण झालं. "एका पायाच्या चपला चोरून मी करू काय, लंगडी खेळू?" असं काकू विचारत होत्या आणि तो मुद्दा खरं तर बिनतोड होता. पण आम्ही सगळे हसत होतो. माझा नवरा, जो सहसा बोलतच नाही, तोही म्हणाला, "आईला पायात पट्टा घालून चपला शिवून द्याव्या लागतील." आजही ते आठवलं की मला माझाच राग येतो. चप्पल पायातून निसटते आणि माणसाला कळत नाही, यात हसण्यासारखं काय होतं?

मे महिन्यात काकूंनीच वाट काढली. त्या कुंपणावरून मला म्हणाल्या, "तुझी सासू लई वाकडी चालून राहिली. पुन्हा एकदा पाय मार. अन् बयी, या टायमाला मनावर घे." आत्याबाई आधी नको म्हणाल्या, मग काकू ऐकतायत म्हणून हो म्हणाल्या. पुन्हा रविवार, पुन्हा पाट, पुन्हा गल्ली. या वेळी मीही ठरवलं होतं की नीट मारायची. मी पाय उचलला, अंदाज घ्यायला आधी हळूच टेकवला, आणि माझ्या अंगठ्याखाली काहीतरी आलं. आयुष्यभर मी माणसांच्या पाठी पायाने ओळखत आले आहे. पाठीचा कणा कसा उतरत जातो ते माझ्या तळव्याला पाठ आहे. इथे मधलंच एक हाड वर आलं होतं, चादरीखाली सुपारी राहावी तसं. आत्याबाईंनी नियमाप्रमाणे आवाज काढला नाही. पण चौकट धरलेली त्यांची बोटं पांढरी पडली.

मी पाय खाली घेतला. "मी न्हाई मारणार," म्हणाले.

"काहून?" काकू.

"काहून?" आत्याबाईसुद्धा, पण मागे न वळता.

मी म्हणाले, "आत्याबाई, उठा." त्या उठायला गेल्या आणि उठता येईना. पाय आहेत, पण ऐकत नाहीत. नवऱ्याने आणि मी धरून उठवलं. पहिल्यांदाच मला भीती वाटली, आणि ती कशाची होती ते अगदी स्पष्ट होतं: ही बाई आता चालणार नाही. आणि होळीच्या वेळी हिच्या पाठीत पाय मी मारला होता.

जवळच एक डॉक्टर होते, त्यांच्याकडे आधी नेलं. त्यांनी पाठीकडे बघितलंच नाही. वय विचारलं, साठच्या पुढे ऐकून "मणक्यात गॅप" असं निदान केलं आणि इंजेक्शन दिलं. आमच्याकडे साठीनंतर प्रत्येकाच्या मणक्यात गॅप असतो. तो नसेल तर नात्यात कमीपणा येतो. आत्याबाई खूश झाल्या. पण माझा अंगठा काही खूश होईना. मी नवऱ्याला म्हणाले, उद्या हिंगोली.

हिंगोलीची डॉक्टर तरुण पोरगी होती. एवढी बारीक की आत्याबाईंनी दारातच मला विचारलं, "हिनं सोताला काही औषध घेतलं न्हाई का?" डॉक्टरने ते ऐकलं आणि हसली. मग तिने काय काय विचारलं! दुखणं रात्री वाढतं का? संध्याकाळी ताप येतो का? घाम येतो का? जेवण कमी झालं का? वजन उतरलं का? घरात कुणाला कधी क्षय झाला होता का? आत्याबाई प्रत्येक प्रश्नाला "न्हाई" म्हणत होत्या आणि माझ्या डोळ्यांसमोर गोधडी, कुत्रं आणि पोलकं एकामागून एक येत होतं. शेवटी मीच बोलायला लागले. आत्याबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की एरवी मी गप्प झाले असते.

"किती दिवसांपासून दुखतंय, आजी?"

"झालं असतील पंधरा दिस."

डॉक्टरने त्यांना पालथं न निजवता बसवूनच पाठीवर वरून खाली एकेक मणका बोटाने ठोकत आणला. त्या हाडापाशी आल्यावर आत्याबाईंनी जो हुंकार दिला, तो नियमात बसणारा नव्हता. मग डॉक्टर म्हणाली, जरा दारापर्यंत चालून दाखवा. आत्याबाई माझ्या नवऱ्याचा हात धरून गेल्या आणि आल्या. डॉक्टर म्हणाली, "आजी, तुमची एक चप्पल दारातच राहिली."

आत्याबाईंनी पायाकडे बघितलं. "घ्या! इथं बी चोर हायत व्हय?"

डॉक्टर या वेळी हसली नाही. तिने पायांना काडी टोचून, डोळे मिटायला लावून, अंगठा वर आहे की खाली असं विचारलं, आणि आत्याबाईंनी दर वेळी छातीठोकपणे चुकीचं उत्तर दिलं. नंतर ती मला म्हणाली, "पाठीला कुणी मालिश केलं? दाबलं? लाथ वगैरे मारली?"

माझा नवरा पंख्याकडे बघायला लागला. मी सांगितलं की लाथ मारली. कुणी? मी. का? मी पायाळू आहे.

"आणि तुम्ही काय करता?"

"शिक्षिका आहे."

"कोणता विषय?"

माणसाच्या आयुष्यात काही प्रश्न असे येतात की मराठी विषय असता तर किती बरं झालं असतं असं वाटतं. मी विज्ञान म्हणाले. डॉक्टर कागदावर बराच वेळ लिहीत राहिली, आणि माझ्या मते तेवढं लिहिण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नांदेडला एमआरआय. त्या यंत्रात धातू चालत नाही, आणि आत्याबाईंच्या नाकातली चमकी पस्तीस वर्षांत निघालेली नव्हती. साबण लावला, तेल लावलं, एक परिचारिका आणि मी दोघी त्यांच्या नाकाशी झोंबत होतो आणि त्या आम्हा दोघींच्या माहेरचा उद्धार करत होत्या. यंत्रातून बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, "आत कुणीतरी पत्र्याचं शेड ठोकून राहिलं व्हतं. माझं काही न्हाई केलं कुणी."

रिपोर्ट आला. दोन मणके आतून खाल्ले गेले होते, त्यात पू साचला होता आणि तो मज्जारज्जू दाबत होता. हिंगोलीच्या डॉक्टरला तो आधीपासूनच संशय होता: मणक्याचा क्षय. सुईने पू काढून तपासला, त्यातही तेच आलं.

"क्षय?" आत्याबाई कडाडल्या. "मला साधा खोकला न्हाई! खोकल्याबिगर कुठं क्षय असतो?"

त्यांना काय सांगू? मी दरवर्षी वर्गात तक्ता लावते: क्षय, अवयव फुप्फुस, लक्षण खोकला. दरवर्षी मुलांकडून मोठ्याने म्हणवून घेते. तो हाडात शिरतो, पाठीत शिरतो, आणि खोकला नसतानाही माणूस आतून पोखरतो, हे मला स्वतःला माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाली, पाठदुखी म्हणून लोक महिनोन्‌महिने अंगावर काढतात, आणि पाय गेले की येतात. आत्याबाईंचे पाय अजून पुरते गेले नाहीत. औषध वेळेवर सुरू होतंय. पण चालतील का, ते आजच सांगता येणार नाही. आणि एक गोष्ट ती फिल्म उजेडात धरून म्हणाली, ती मला सर्वांत लागली: "हे पंधरा दिवसांचं काम नाही. तीन-चार महिने तरी झालेत."

घरी आणल्यावर आत्याबाई पाठीला पट्टा बांधून पलंगावर पडल्या. उठायचं नाही, वाकायचं नाही. गोळ्यांनी लघवी लाल होते हे डॉक्टरने मला सांगितलं होतं आणि मी त्यांना सांगायचं विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी जो आरडाओरडा झाला, तो ऐकून काकू उकिरड्याची हद्द ओलांडून तीस वर्षांत पहिल्यांदा आमच्या घरात आल्या. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. माझ्या नवऱ्याला छातीचा एक्स-रे फार आवडला. हा एकच फोटो आहे म्हणाला, ज्यात माझं तोंड नाही.

एकदा दुपारी मी आत्याबाईंचा पट्टा बांधत होते. ते हाड बोटाला लागलं आणि मला रडू आलं. थांबेचना.

"रडून काहून राहिलीस?"

"मी पाठीत पाय मारला तुमच्या."

"तुझ्या लाथेनं न्हाई झालं हे."

"डॉक्टर म्हणाल्या, तीन महिन्यांपासून—"

"तेच सांगून राहिले ना. तुझ्या लाथेनं काहीच झालं न्हाई. ना वाईट, ना चांगलं." त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "चौथ्या दिशी बी तेवढंच दुखत व्हतं."

मला आधी कळलंच नाही. मग मी विचारलं, "मग ओट्यावर उभं राहून बराबर झाली म्हणून काहून सांगितलं?"

"समदी गल्ली बघून गेली व्हती. घरच्या सासूला गुण आला न्हाई म्हणल्यावर बाहेरचं कोण येईल तुझ्या दारात? ती भवानी गावभर सांगत फिरली असती, हिच्या सुनेच्या पायात काही न्हाई म्हणून."

"अन् ताप? अन् जेवण?"

"ते सांगितलं तर दुखणं सांगावं लागलं असतं."

मी त्यांच्या पलंगाशी खाली बसले. अकरा वर्षं माझ्या भाकरीला नावं ठेवणाऱ्या या बाईने माझ्या लाथेची इज्जत राखायला स्वतःचे दोन मणके जाऊ दिले होते. मला त्यांचा भयंकर राग आला. इतका की मी त्यांना "तुमी येड्या हायत" असं तोंडावर म्हणाले, अकरा वर्षांत पहिल्यांदा. त्या म्हणाल्या, "पट्टा आवळ नीट. ढिला सोडलास."

पोळ्याच्या सुमारास त्यांच्या पायाला काडी टोचली तर कळायला लागलं. दिवाळीत काठी धरून ओट्यापर्यंत आल्या. संक्रांतीला काठीशिवाय, भिंत धरून. गोळ्या मात्र पुढे चालूच होत्या, आणि त्या रोज घेताना त्या डॉक्टरला, सरकारला आणि मला क्रमाने शिव्या द्यायच्या, पण एक दिवस चुकवली नाही.

मी लाथ मारणं बंद केलं होतं. पण बंद केलं असं सांगितलं नव्हतं. सांगायचं तर का, ते सांगावं लागलं असतं, आणि मग आत्याबाई खोटं बोलल्या हे सगळ्या गावाला कळलं असतं. गल्ली अजूनही मानत होती की होळीच्या लाथेने पाठ बरी झाली होती आणि क्षय हे नंतरचं निराळंच दुखणं. म्हणून दारात कुणी आलं की मी म्हणायची, माझा पाय मुरगळलाय. वर्षभर माझा पाय मुरगळलेला होता. शाळेत मी खो-खो शिकवत होते, तरी लोक विश्वास ठेवत होते.

गेल्या वर्षी सोयाबीन निघाल्यावर एका रविवारी शेजारच्या गावाहून एक नवरा-बायको जीप करून आले. बाई तिशीची, पाठीला हात लावून चालत होती. दोन महिने दुखतंय म्हणाली. काकू आणि आणखी तीन-चार जणी लगेच येऊन उभ्या राहिल्या. आत्याबाई ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. मी सवयीने म्हणाले, "काय करू, माझा पाय मुरगळलाय."

"हळू मारा, पण मारा," तिचा नवरा म्हणाला. "तुमच्या सासूबाईला बी तुमच्याच लाथेनं गुण आला म्हणत्यात. एवढ्या लांबून आलो आमी."

मी आत्याबाईंकडे बघितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं. कुणाचा हात न धरता उठल्या, तीन पायऱ्या उतरून अंगणात आल्या आणि त्या बाईसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सांजच्याला ताप येतो का गं?"

बाईने नवऱ्याकडे बघितलं. "येतो. थोडा."

"जेवण जातं?"

"न्हाई."

आत्याबाई वळल्या आणि त्या बाईच्या नवऱ्याला, काकूंना, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हिच्या लाथेनं मला कवाच गुण आला न्हाई. काडीचा न्हाई. मी खोटं सांगितलं व्हतं. तीन महिने दुखणं लपवलं अन् पाय घालवायची पाळी आली. हिच्या पायात काही न्हाई, साधे पाय हायत. चल पोरी, बस जीपमधी. हिंगोलीला एक काडीसारखी डॉक्टरीण हाय, मी येते संगं."

आणि गेल्या. स्वतःच्या पायांनी चालत जीपपर्यंत गेल्या, पुढच्या सीटवर चढून बसल्या आणि ड्रायव्हरवर ओरडल्या. त्या बाईचं दुखणं पुढे वेगळंच निघालं, मूत्रपिंडाचं, आणि औषधाने बरंही झालं. मी तेव्हा दारात उभी होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

काकूंना दया आली. जवळ येऊन त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "चारचौघांत अशी अब्रू काढली गं तुझी," म्हणाल्या. "मनाला लावून घेऊ नको. सासवा अशाच असत्यात."

"न्हाई, काकू," मी म्हणाले. "अशा नसत्यात."